तेलकट कपड्यांची लाँड्री: बाकन तेलपट्ट्यातील एका छोट्या व्यवसायाचे प्रकरण

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्याच्या पश्चिम भागात २००८ नंतर तेलाची जी लाट आली, तिच्याविषयी लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा रिगवर (विहीर खोदणाऱ्या यंत्रसामग्रीवर), ट्रकचालकांच्या पगारावर आणि घरभाड्यावर जाते. प्रस्तुत प्रकरण त्या लाटेत तेलाच्या एका थेंबावरही हक्क नसलेल्या, छोट्या गावात कपडे धुण्याची यंत्रे चालवणाऱ्या एका बाईंचे आहे. त्यांचे व गावाचे नाव दिलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुढील मजकुरात त्यांचा उल्लेख ‘मालकीणबाई’ असा केला आहे.

पार्श्वभूमी

नॉर्थ डकोटात तेल पहिल्यांदा सापडले ते एप्रिल १९५१ मध्ये, टायोगा या गावाजवळच्या एका शेतात. ज्या खडकथरामुळे पुढे हा भाग जगाला माहीत झाला, त्या बाकन थराला नावही टायोगाजवळच्याच एका शेतकऱ्याचे मिळाले. हा थर सुमारे तीन किलोमीटर खोल, पातळ आणि घट्ट असल्याने उभ्या विहिरीतून त्यातले तेल पुरेसे येत नसे. विहीर खोलवर नेऊन आडवी वळवायची, थरातल्या थरात आणखी तीन किलोमीटरपर्यंत पुढे न्यायची आणि पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने सोडून खडकाला भेगा पाडायच्या (यालाच फ्रॅकिंग म्हणतात), हे तंत्र हाती बसल्यावर चित्र पालटले. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने या थरातून ३ ते ४.३ अब्ज पिंपे तेल काढता येईल असा अंदाज प्रसिद्ध केला. २०१२ मध्ये हे राज्य अलास्काला मागे टाकून तेल उत्पादनात टेक्सासच्या खालोखाल पोचले, आणि एप्रिल २०१४ मध्ये रोजच्या उत्पादनाने दहा लाख पिंपांचा टप्पा ओलांडला.

या साऱ्याचे केंद्र विलिस्टन हे शहर होते. २०१० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १४,७१६ होती आणि २०२० मध्ये ती २९,१६० झाली. मधल्या काळात छावण्यांत, गाड्यांत आणि तात्पुरत्या खोल्यांत राहिलेली माणसे यांपैकी कोणत्याच आकड्यात पूर्णपणे धरलेली नाहीत. २०१४ च्या आरंभी झालेल्या एका पाहणीत विलिस्टनमधील एका शयनकक्षाच्या छोट्या घराचे सरासरी भाडे महिना २,३९४ डॉलर, म्हणजे न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्याही वर निघाले होते.

आपल्या प्रकरणातील गाव विलिस्टनपासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि तेजीपूर्वी तेथील वस्ती हजाराच्या आत होती. मालकीणबाईंचे पती गव्हाची शेती करतात. या भागात जमिनीचा वरचा हक्क आणि भूगर्भातील खनिजाचा हक्क वेगवेगळ्या व्यक्तींकडे असू शकतो. या कुटुंबाच्या जमिनीखालचा खनिजहक्क दोन पिढ्यांपूर्वीच विकला गेला होता. त्यामुळे त्यांच्या शेतात विहीर झाली तरी त्यांच्या वाट्याला आली ती वाया गेलेल्या जमिनीची भरपाई आणि रस्त्यावरची धूळ. शेजाऱ्याच्या घरी स्वामित्वशुल्काचे धनादेश येत असताना आपल्या दारावरून फक्त ट्रक जात आहेत, हे पाहण्याचा मनावर काय परिणाम होतो हे सांगायला नको. मालकीणबाईंचा पुढचा सगळा खटाटोप या एका वस्तुस्थितीतून सुरू झाला.

दुसरी एक गोष्टही ध्यानात ठेवावी लागते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला याच भागात एक तेजी येऊन गेली होती. त्या वेळी विलिस्टनने नव्या वसाहतींसाठी रस्ते, दिवे आणि सांडपाण्याच्या वाहिन्या घातल्या; तेलाचे भाव पडले, घरे उभी राहिलीच नाहीत आणि कर्ज मात्र करदात्यांनी अनेक वर्षे फेडले. मालकीणबाईंनी शाळेत असताना ते रिकामे, दिवे लावलेले भूखंड पाहिले होते. त्यांच्या अनेक निर्णयांत जो सावधपणा दिसतो, तो मूळचा तिथला आहे.

२००७ मध्ये त्यांनी गावातली नाणी टाकून चालवायची छोटी लाँड्री एका नातलगाकडून विकत घेतली. बारा धुलाई यंत्रे, आठ ड्रायर आणि दुपारी बसायला एक बाक एवढाच हा धंदा होता. गिऱ्हाईक म्हणजे गावातील वृद्ध, भाडेकरू आणि सुगीच्या दिवसांत फिरते कापणी कामगार.

अडचण

२००९ च्या अखेरीस लाँड्रीत रात्री दहा वाजताही रांग लागू लागली. तेलक्षेत्रात काम बारा-बारा तासांच्या पाळीने आणि दोन आठवडे काम, दोन आठवडे सुट्टी अशा रीतीने चालते. काम संपवून आलेल्या माणसाला एका रात्रीत कपडे धुऊन, वाळवून सकाळी पुन्हा अंगात चढवायचे असतात. उलाढाल दुपटीच्या वर गेली आणि त्याबरोबरच लाँड्री मोडकळीला आली.

कारण कपडे साधे नव्हते. बाकनमध्ये विहिरीचा उभा भाग खोदताना डिझेल मिसळलेला चिखल वापरला जातो. तो कव्हरऑलच्या, म्हणजे अंगभर घालायच्या कामाच्या पोशाखाच्या, गुडघ्यांवर, बाह्यांवर आणि खिशांत बसतो. असा कव्हरऑल यंत्रात घातला की आतल्या ड्रमला तपकिरी थर धरतो, दाराच्या रबराच्या घडीत काळी वाळू साचते आणि पुढच्या तीन फेऱ्यांच्या कपड्यांना डिझेलचा वास येतो. एका आजीबाईंनी नातवाची दुपटी मालकीणबाईंच्या हातात ठेवून नुसते ‘वास घे’ म्हटले. गावातील नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवायला एवढे पुरेसे होते. शिवाय तेलाचा अंश राहिलेले कपडे गरम ड्रायरमधून काढून तसेच गठ्ठ्याने ठेवले तर ते आपोआप पेट घेऊ शकतात. एका पहाटे टोपलीतल्या गठ्ठ्यातून धूर निघताना दिसला, तो वेळीच दिसला म्हणून इमारत वाचली.

मार्च २०१० मध्ये या अडचणीला आणखी एक पदर आला. ओशा या संघीय कामगार-सुरक्षा यंत्रणेने तेल व वायू विहिरींवरील खोदाई आणि देखभालीच्या कामात अग्निरोधक कपडे आवश्यक असल्याचे लेखी स्पष्ट केले. हे कपडे महाग असतात आणि ते धुण्याची रीत वेगळी असते. क्लोरीनचा ब्लीच चालत नाही, कारण त्याने कापडाचा अग्निरोधक गुण आणि बळ कमी होते. कपडे मऊ करणारे द्रव चालत नाहीत, कारण त्यांचा ज्वलनशील लेप धाग्यावर राहतो. जड (क्षारयुक्त) पाण्यात साबणाचे जे क्षार कापडावर बसतात तेही आगीला इंधन पुरवू शकतात, आणि या गावाचे पाणी जड होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कपड्यात तेल उरले तर अग्निरोधक कापडाचा उपयोगच राहत नाही. माणसे हे कपडे साध्या लाँड्रीत, मिळेल त्या साबणाने धूत होती किंवा धुण्याचा कंटाळा करून फेकून देत होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय तत्काळ अमलात आला. २०१० च्या उन्हाळ्यात ‘तेलक्षेत्राचे कपडे आणू नयेत’ अशी पाटी दारावर लागली. परिसरातील इतरही काही लाँड्र्यांनी तेच केले होते. ही पाटी चूक होती असे म्हणता येणार नाही, कारण तिने जुनी गिऱ्हाइके परत आली. पण पाटी लावल्यावर पुढचे आठ-दहा दिवस जे लोक दारापर्यंत येऊन परत गेले, त्यांची मालकीणबाईंनी एका वहीत नोंद ठेवली: किती जण, कोणत्या कामावरचे, किती कपडे. प्रकरणातील हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा उद्योग. बाजारपेठेची पाहणी म्हणून कोणी यासाठी हजारो डॉलर घेतले असते.

दुसरा पर्याय जागा भाड्याने देण्याचा होता. शेताच्या कडेला वीज आणि पाण्याची जोडणी करून फिरत्या घरांना जागा द्यायची, असे आसपास अनेक जण करत होते. पैसा लवकर येत होता. पतींचा कल याकडेच होता. मात्र सांडपाण्याची परवानगी, हिवाळ्यात उणे तीस अंशांपर्यंत गोठणारे नळ आणि १९८० च्या दशकातील रिकाम्या भूखंडांची आठवण यांमुळे मालकीणबाई तयार झाल्या नाहीत. जे सगळेच करत आहेत त्याचा पुरवठा एक दिवस मागणीच्या पुढे जाणार, हा त्यांचा तर्क सरळ होता.

तिसरा पर्याय पाळणाघराचा. गावात तरुण कुटुंबे येत होती आणि मुले सांभाळायला कोणी नव्हते, त्यामुळे कित्येक बायकांना नोकरी धरता येत नव्हती. गरज खरी होती; माझ्या मते संपूर्ण तेलपट्ट्यात सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गरज हीच होती. पण पाळणाघरात मुलांमागे किती सांभाळणारे असावेत याचे प्रमाण नियमाने ठरलेले असते, म्हणजे खर्चाचा मोठा भाग पगारच. त्या काळात विलिस्टनमध्ये बर्गरच्या दुकानातही किमान वेतनाच्या दुपटीच्या आसपास पगार देऊन माणसे मिळत नव्हती. पालकांना परवडेल असे शुल्क आणि टिकेल असा पगार यांचा मेळ बसेना, म्हणून हा पर्याय मागे पडला.

अग्निरोधक कपड्यांचे दुकान काढण्याचाही विचार झाला. मापांप्रमाणे माल भरून ठेवण्यात भांडवल अडकले असते. शिवाय राज्यात २०१९ पर्यंत रविवारी दुपारी बारापूर्वी बहुतेक दुकाने उघडण्यास कायद्याने बंदी होती, आणि तेलक्षेत्रातल्या माणसाला तर रविवार आणि बुधवार यांत फरकच नसतो. तो विषय तिथेच संपला.

राहिला शेवटचा पर्याय: ज्या कपड्यांना दारावर पाटी लावून परत पाठवले, तेच कपडे वेगळ्या जागी, वेगळ्या यंत्रात, योग्य रीतीने धुऊन देणे. येथे प्रतिस्पर्धी नव्हते असे नाही. गणवेश भाड्याने देऊन दर आठवड्याला धुऊन आणणाऱ्या मोठ्या कंपन्या राज्यात होत्याच. परंतु त्यांचे करार सहसा अनेक वर्षांचे असतात आणि माणसांची संख्या ठरलेली लागते. पाच-सहा ट्रक असलेल्या, दर महिन्याला निम्मी माणसे बदलणाऱ्या ठेकेदाराला असा करार सोयीचा नव्हता. मोठ्यांना नकोसा आणि घरगुती लाँड्रीला न झेपणारा असा हा मधला गिऱ्हाईक होता. वहीतल्या नोंदींत बहुतेक नावे याच ठेकेदारांच्या माणसांची निघाली.

पहिली पावले

२०११ मध्ये मालकीणबाईंनी लगेच काही बांधले नाही. लाँड्रीच्या मागच्या खोलीत दोन जुनी यंत्रे वेगळी काढून फक्त तेलकट कपड्यांसाठी ठेवली. स्वतः धुण्याची मुभा काढून घेतली. कपडे पिशवीत टाकून जायचे आणि दुसऱ्या दिवशी घ्यायचे. दर साध्या धुलाईच्या तिपटीहून थोडा अधिक लावला. कोणी कुरकुर केली नाही, आणि त्यावरून दर कमी लावला गेला असे त्यांना वाटले. नंतर हिशोब केला तेव्हा ते खरे ठरले.

सहा महिन्यांत तीन गोष्टी कळल्या. कपडे धुण्यापूर्वी डिटर्जंटच्या गरम द्रावणात भिजवल्याशिवाय चिखल सुटत नाही. पाणी मृदू केल्याशिवाय कापड कडक राहते. आणि सांडपाणी गावाच्या वाहिनीत सोडता येणार नाही. हे शेवटचे त्यांना नगरपालिकेच्या पत्राने कळले. गावाचे सांडपाण्याचे तळे आधीच वाढत्या वस्तीने भरून वाहत होते, त्यात तेल आणि ग्रीस येणे परवडणारे नव्हते. पत्रात मुदत साठ दिवसांची होती.

उभारणी

शेताच्या आवारात पन्हाळी पत्र्याची, अर्धगोल छताची एक मोठी शेड रिकामी होती. पूर्वी तिथे धान्य आणि ट्रॅक्टर असत. २०१२ मध्ये लाँड्रीचा हा भाग तिथे हलवायचे ठरले. जमीन शेतीची असल्याने काउंटीकडून, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडून, सशर्त वापराची परवानगी घ्यावी लागली. तेल आणि पाणी वेगळे करणारी टाकी, पाणी मृदू करण्याचे संयंत्र, दोन वापरलेली औद्योगिक धुलाई यंत्रे आणि एक व्हॅन एवढा खर्च होता. सांडपाणी साठवून परवानाधारक टँकरने न्यायचे ठरले.

कर्ज गावाच्या बँकेने आणि बँक ऑफ नॉर्थ डकोटाने मिळून दिले. १९१९ साली स्थापन झालेली ही राज्याच्या मालकीची बँक स्वतः दारोदार कर्ज वाटत नाही, ती स्थानिक बँकेच्या जोडीने उतरते. तिच्या एका योजनेत स्थानिक संस्थेने थोडा भार उचलला तर व्याजाचा दर खाली येतो. मालकीणबाईंना या योजनेची माहिती बँकेच्या खिडकीवर नव्हे, राज्याच्या लघुउद्योग मार्गदर्शन केंद्रातील सल्लागाराकडून मिळाली. हाच सल्लागार पुढेही उपयोगी पडला.

कर्जापेक्षा जड गेला तो माणसांचा प्रश्न. पहिल्या वर्षात ठेवलेल्या पाच जणांपैकी चार जण तेलक्षेत्रात अधिक पगारावर निघून गेले. पगार वाढवून ही गळती थांबेना, कारण रिगशी पगाराची स्पर्धा करणे शक्य नव्हते. मग लक्षात आले की राहायला जागा हाच खरा पगार आहे. आवारात दोन फिरती घरे आणून ठेवली आणि ती नोकरीबरोबर नाममात्र भाड्याने दिली. त्यानंतर तीन माणसे चार वर्षे टिकली. त्यांतली एक शिवणकाम जाणणारी प्रौढ बाई होती, आणि तिच्यामुळे एक अनपेक्षित काम सुरू झाले: फाटलेले अग्निरोधक कपडे दुरुस्त करणे. हे साध्या दोऱ्याने करता येत नाही. दोरा आणि ठिगळ दोन्ही अग्निरोधकच लागतात, नाहीतर आगीत नेमका शिवणीचाच भाग जळतो. बाहीवर परावर्तक पट्टी लावणे, छातीवर नाव शिवणे हेही काम आले. धुलाईपेक्षा या कामात नफ्याचे प्रमाण जास्त होते, हे कित्येक महिने कोणाच्या ध्यानातच आले नाही, कारण त्याची नोंद ‘इतर’ या रकान्यात होत होती.

२०१३ चा निर्णय

प्रकरणाचा कळीचा प्रसंग येथे येतो. २०१३ च्या वसंतात विलिस्टनजवळच्या नव्या औद्योगिक वसाहतीत मोठी जागा देऊ करण्यात आली. बँक आधीच्या कर्जाच्या चौपट रक्कम द्यायला राजी होती. गिऱ्हाईक वाढत होते, शेड रात्रंदिवस चालत होती, आणि त्याच वर्षी भूगर्भ सर्वेक्षण विभागाने काढता येण्याजोग्या तेलाचा अंदाज, खालच्या थ्री फॉर्क्स थरासह, ७.४ अब्ज पिंपांवर नेला होता. वीस-तीस वर्षे हे असेच चालणार, असे सभांमधून सांगितले जात होते.

सल्लागाराने एकच प्रश्न विचारला: तुमचे गिऱ्हाईक विहीर खोदणारे आहे की चालवणारे? मालकीणबाईंनी बिलांचे दोन गठ्ठे केले. खोदाई, सिमेंटिंग (विहिरीच्या नळीभोवती सिमेंट भरणे), फ्रॅकिंग आणि त्यासाठी पाणी-वाळू वाहणारे ट्रक एका बाजूला. चालू विहिरींवरचे पंप पाहणारे, दुरुस्ती करणारे आणि वाहिन्या सांभाळणारे दुसऱ्या बाजूला. जवळजवळ दोन तृतीयांश उत्पन्न पहिल्या गठ्ठ्यातून येत होते.

हा फरक महत्त्वाचा का, ते थोडे सविस्तर सांगायला हवे. एका रिगभोवती प्रत्यक्ष आणि आनुषंगिक मिळून शंभराहून अधिक माणसांचे काम असते, आणि एक विहीर उभी करायला ट्रकच्या सुमारे दोन हजार फेऱ्या लागतात. पण विहीर चालू झाली की तिच्याकडे पाहायला फार थोडी माणसे पुरतात. मात्र ती थोडी माणसे पुढची वीस-पंचवीस वर्षे लागतात. रिगची संख्या भावाबरोबर झपाट्याने खाली-वर होते, तर चालू विहिरींची संख्या सावकाश वाढत राहते. म्हणजे रिगवर बेतलेला व्यवसाय मोठा पण अल्पायुषी, विहिरींवर बेतलेला लहान पण चिवट.

या हिशोबातून नियम असा ठरला की कर्जाचा हप्ता दुसऱ्या गठ्ठ्याच्या उत्पन्नातूनच फिटला पाहिजे. पहिल्या गठ्ठ्याचे उत्पन्न आले तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर सही करायची नाही. या कसोटीवर नवी जागा बसेना. अंथरूण पाहून पाय पसरण्याची गोष्ट सगळेच करतात. येथे अंथरूण कोणते मोजायचे हे ठरले होते. मालकीणबाईंनी औद्योगिक वसाहतीतील जागा नाकारली आणि शेडमध्येच आणखी एक यंत्र व दुसरी व्हॅन घेतली. दुसरी व्हॅन मात्र या नियमात बसत नव्हती. ‘सगळे धावत असताना आपण नुसते उभे राहायचे का,’ हे पतींचे म्हणणे त्या वेळी कोणालाच खोडता आले नाही.

घसरण

जून २०१४ मध्ये पिंपामागे शंभर डॉलरच्या वर असलेला अमेरिकी तेलाचा भाव, नोव्हेंबरअखेर ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने उत्पादन न घटवण्याचे ठरवल्यानंतर, जानेवारी २०१५ मध्ये पन्नासच्या खाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तीसच्याही खाली गेला. २०१४ च्या शरदात राज्यात १९० च्या आसपास रिग चालू होत्या; मे २०१६ मध्ये त्या २७ उरल्या. सल्लागाराच्या तक्त्यात सर्वांत वाईट अंदाज ‘रिग निम्म्या होतील’ एवढाच होता, आणि तोही मालकीणबाईंना भीती घालण्यासारखा वाटला होता.

गिऱ्हाईक कमी झाले त्याहून मोठा फटका उधारीचा बसला. ठेकेदारांना महिनाअखेरीचे बिल साठ दिवसांच्या मुदतीवर देण्याची प्रथा पडली होती, आणि तेजीच्या काळात कोणी बुडवतही नव्हते. २०१५ च्या पूर्वार्धात सर्वांत मोठ्या ठेकेदाराने कामकाज गुंडाळले तेव्हा त्याच्याकडे चार महिन्यांची बिले अडकली होती. वकिलाने सांगितले की वसुलीचा खर्च वसुलीएवढाच होईल. ही रक्कम जवळजवळ एका वर्षाच्या कर्जहप्त्यांएवढी होती.

सात जणांपैकी तिघांना कमी करावे लागले. रात्रपाळी बंद झाली. दुसरी व्हॅन मूळ किमतीच्या निम्म्याहून कमीत गेली, कारण त्याच महिन्यात विलिस्टनच्या आसपास सगळेच व्हॅन विकत होते.

निष्पत्ती

व्यवसाय बुडाला नाही. चालू विहिरींकडे पाहणाऱ्यांचे कपडे येत राहिले आणि कर्जाचा एकही हप्ता चुकला नाही, जरी २०१५-१६ मध्ये मालकीणबाईंनी स्वतःसाठी चौदा महिने पगार घेतला नाही. दुरुस्तीचे काम तर वाढले, कारण पैसा आटल्यावर ठेकेदार नवे कव्हरऑल घेण्याऐवजी जुने शिवून घेऊ लागले. तेलक्षेत्राबाहेरचे गिऱ्हाईकही याच काळात जोडले गेले: ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कार्यशाळा, वेल्डर, काउंटीचा रस्ते विभाग. त्यांच्यासाठी वेगळे काहीच उभारावे लागले नाही. ग्रीस हे ग्रीसच.

२०१८ मध्ये कर्ज फिटले. २०१९ च्या अखेरीस राज्याचे उत्पादन रोज पंधरा लाख पिंपांपर्यंत गेले. २०१४ च्या तेजीत चालू विहिरी सुमारे १२ हजार होत्या, त्या आता १६ हजारांच्या आसपास पोचल्या होत्या; रिग मात्र त्या वेळच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढ्या होत्या. बिलांचे दोन गठ्ठे करून जो अंदाज बांधला होता, त्याला याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. एप्रिल २०२० मध्ये तेलाचा वायदा भाव एका दिवसापुरता शून्याच्याही खाली गेला तेव्हा शेडमध्ये चार माणसे होती, आणि देणे कोणाचेच नव्हते.

गावातील मूळची नाणी टाकण्याची लाँड्री २०१७ मध्ये विकली. ती आजही चालते, आणि तिच्या दारावरची पाटी नव्या मालकाने तशीच ठेवली आहे.

वेगळे काय करता आले असते

उधारीचा प्रश्न सर्वांत आधी येतो. विहिरी आणि रिग यांचा हिशोब उत्पन्नाच्या बाजूने केला, पण येणे रकमेच्या बाजूने केला नाही, ही या प्रकरणातील मुख्य त्रुटी आहे असे मला वाटते. खोदाईच्या गिऱ्हाइकाकडून कर्ज फेडायचे नाही असे ठरवणाऱ्या बाईंनी त्याच गिऱ्हाइकाला साठ दिवसांची उधारी दिली, म्हणजे दुसऱ्या दाराने जोखीम आत घेतलीच. खोदाईच्या ठेकेदाराकडून आठवड्याचे पैसे आगाऊ आणि विहिरी सांभाळणाऱ्याला महिन्याची मुदत, असा भेद २०१३ मध्येच करता आला असता. तेव्हा गरज ठेकेदारांना होती. अट मान्य झाली असती.

सांडपाण्याची चौकशी पत्र येण्याची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात व्हायला हवी होती. साठ दिवसांच्या घाईमुळे विभाजक टाकी मिळेल त्या किमतीला आणि गरजेपेक्षा लहान घेतली गेली, आणि दोन वर्षांत बदलावी लागली.

शिवणकामाच्या ‘इतर’ रकान्याविषयी मतभेद होऊ शकतो. सल्लागाराचे म्हणणे होते की ते काम वेगळे मोजले असते तर २०१३ मध्ये व्हॅनऐवजी दुसरे शिवणयंत्र आले असते. मालकीणबाईंना हे पटत नाही. शिवणारी बाई एकच होती आणि दुसरी मिळालीच नसती, असे त्या म्हणतात. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्या वर्षी या गावात माणूस मिळणे यंत्र मिळण्यापेक्षा खरोखरच अवघड होते. तरीही हिशोब वेगळा ठेवायला माणूस लागत नाही.

पाळणाघराचा पर्याय त्यांनी एकट्याने तोलला, ही गोष्टही खटकते. एका मालकाला न परवडणारे ते काम शाळा, चर्च आणि दोन-तीन ठेकेदार यांनी मिळून उचलले असते तर कदाचित उभे राहिले असते, आणि स्वतः मालकीणबाईंना कामावर बायका मिळाल्या असत्या. गावात ही चर्चा झाली ती २०१४ मध्ये, म्हणजे भाव पडण्याच्या काही महिने आधी.

बुडालेल्या ठेकेदाराचे धुऊन इस्त्री केलेले एकोणचाळीस कव्हरऑल शेडमध्ये तसेच राहिले होते. दीड वर्ष वाट पाहून शिवणाऱ्या बाईंनी त्यांच्या छातीवरची नावे उसवली, फाटलेले गुडघे शिवले, आणि ते आसपासच्या वेल्डरांना विकले. त्यातून आलेली रक्कम ‘इतर’मध्ये गेली नाही, त्या महिन्यापासून वहीत ‘दुरुस्ती’ असा वेगळा रकाना आहे.